डोक्याच्या मागची खोली

एका खंडेनवमीला आमच्या घरात माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूची पूजा झाली. पुढच्या बाजूला कुणी विचारलं नाही. आधी पूर्वजांची तलवार, मग अप्पांची मोठी कात्री, मग शिलाईचं मशीन, मग स्कूटर, आणि स्कूटरच्या शेजारी पाटावर, भिंतीकडं तोंड करून, मी. आत्यानं माझे केस दोन्ही बाजूंना सारले, मधल्या जागेला हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल खोवलं आणि उदबत्ती इतक्या जवळून ओवाळली की केस करपल्याचा वास आला. मी बँकेत नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. पण पूजेला मांडलेल्या आयुधानं तक्रार करायची आमच्यात पद्धत नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर अप्पांच्या डोळ्यांपासून सुरुवात करायला हवी. माझ्या डोळ्यांत सांगण्यासारखं काही नाही. ते पहिल्या दिवसापासून बंद असलेलं दुकान आहे. अप्पांचे डोळे मात्र साठ वर्षं चालले आणि मग काचबिंदूनं कडेकडेनं मिटत आले. म्हैसुरात, देवराज मोहल्ल्यात त्यांचं बायकांचे ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि हाताला यश होतं. तरी एका बाईला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या मिळाल्या. ती बाई भली निघाली. नवी फॅशन असेल म्हणून तशीच लग्नाला गेली.

आंधळं होण्याला अप्पा घाबरत नव्हते. घरात एक आंधळं माणूस जन्मभर जेवतंय, भांडतंय, पगार आणतंय, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांची भीती एकच होती आणि ती ते कॉफी पिताना उघड बोलायचे. आई मी शाळकरी असतानाच गेली. तिचा एकच फोटो, लग्नातला. त्यात मुंडावळ्या, खाली घातलेली मान आणि पुष्कळसा हार. "ही ती नव्हेच," अप्पा म्हणायचे. "ही फोटोवाल्यानं बसवलेली कुणीतरी." आईचा खरा चेहरा त्यांच्या म्हणण्याप्रमाणं फक्त त्यांच्या डोक्यात होता. डोळे गेले की डोक्यातलंही जातं काय, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. आणि असल्या प्रश्नाला घरातली अनुभवी व्यक्ती म्हणजे मी.

"तुला काय दिसतं गं? काळं दिसतं काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"अप्पा, तुम्हाला तुमच्या पाठीमागं काय दिसतं?"

ते मागं वळले. खुर्ची करकरली. "भिंत."

"वळायचं नाही. न वळता."

ते पुन्हा सरळ बसले. "काहीच नाही की."

"काळं?"

"काळं नाही. काहीच नाही."

"तसंच माझं. सगळीकडं."

हे ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांना फार वाईट वाटलं. काळं असतं तर त्यात काहीतरी शोधता तरी आलं असतं, असं ते आत्याला म्हणाले.

अशात एका संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. जन्मापासून आंधळ्या माणसांचा मेंदू कसा घडतो हे त्या पाहत होत्या आणि मोठ्या यंत्रात घालून डोकं तपासायला त्यांना माणसं हवी होती. मला काडीची हौस नव्हती. अप्पांनी माझ्या वतीनं होकार कळवून टाकला, कारण त्यांना डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारायचा होता. आत्याही निघाली. ती अप्पांची धाकटी बहीण. आई गेल्यावर चार दिवसांसाठी आली आणि मग घर तिचंच झालं. माझं डोकं यंत्रात जाणार आणि ती घरी बसणार, हे शक्य नव्हतं.

यंत्र म्हणजे एक बोगदा. आत निजवतात आणि बाहेरून कुणीतरी पातेली बडवावीत तसा आवाज सुरू होतो. आधी मला बोटांनी ब्रेलचा कागद वाचायला दिला. मग कानात डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, कन्नडमध्ये, फार नम्र. "आता आंबा डोळ्यांसमोर आणा."

माझ्या डोळ्यांसमोर आजवर काहीही आलेलं नाही. आंबा आला तो हातात आला, देठापाशी चिकट, बुडाशी जरा मऊ. मी म्हटलं, आणला.

"आता तुमचं घर."

घर पायांत आलं. उंबरा, मग गार फरशी, मग आत्या भांडी जिथं आपटते ती बाजू.

"आता आईचा चेहरा."

इथं मी अडले. आंधळी माणसं हातानं चेहरे चाचपतात अशी डोळसांची ठाम समजूत असते. आमच्या घरात आईचा चेहरा कोण चाचपणार? आई सगळीकडं असते, चेहऱ्यापर्यंत जायची वेळच येत नाही. मला आला तो बांगड्यांचा आवाज, लुगड्याला येणारा इस्त्रीचा वास आणि "अजून झोपली नाहीस?" हे वाक्य. चेहरा म्हणून मी हेच दिलं. यंत्रानं काय टिपून घेतलं, देव जाणे.

नंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. पाहण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं, डोक्याच्या पाठीमागं. माझ्याकडं डोळ्यांतून तिथं कधी काही पोचलंच नाही. पण तो भाग रिकामा राहिलेला नव्हता. मी बोटांनी वाचत होते तेव्हा तो कामाला लागला होता. "घरात धाकट्या मुलासाठी एक खोली ठेवली आणि तो आलाच नाही," त्या म्हणाल्या, "तर ती खोली काही रिकामी राहत नाही. कुणी तिथं धान्य ठेवतं, कुणी अभ्यासाला बसतं. हिच्या खोलीत बोटं आणि कान राहायला आलेत."

मला हे आवडलं. आपल्या डोक्यात इतकी काटकसर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

अप्पा पुढं सरकले. "आणि ज्याच्या खोलीत माणूस साठ वर्षं राहिलं आणि मग गेलं, त्याचं काय? भिंतीवरची चित्रं राहतात काय, तीपण काढून टाकतात?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेकांची पुष्कळ काळ राहतात. काहींची फिकट होत जातात. तुमची राहतील की नाही, ते मला सांगता येणार नाही."

"फिकट म्हणजे किती? एका धुण्यात जातं तेवढं?"

"तेही नाही सांगता येणार."

परत येताना बसमध्ये आत्याच बोलत होती. तिनं सगळ्या बोलण्यातून स्वतःला हवं तेवढं उचललं होतं. पोरीचा पाहायचा भाग चालू आहे. डॉक्टर स्वतः म्हणाली. तो पाठीमागं आहे एवढंच. म्हणजे इतकी वर्षं आपण हिला उलटी बसवत होतो.

मी समजावायचा प्रयत्न केला. पण आत्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पहिला घाला माझ्या वेणीवर आला. खोलीच्या खिडकीवर वेणी लोंबलेली कशी चालेल? दुसऱ्या दिवसापासून मी दोन वेण्या घालून बँकेत जाऊ लागले. बँकेत मी टेलिफोन ऑपरेटर होते. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आल्यापासून माझ्या बोर्डावर फोन येईनासे झाले होते, त्यामुळं माझ्या वेण्यांवर चर्चा करायला मॅनेजरसाहेबांसकट सर्वांना सवड होती.

मग शेजारणी सुरू झाल्या. एकेक जण हळूच मागं येऊन उभी राहायची आणि विचारायची नाही, नुसती श्वास घ्यायची. मी नाव सांगितलं की आत्या म्हणायची, "नोडु! बघ, मी काय म्हणलं?" एकीला संधिवाताच्या मलमाचा वास, दुसरीचं जोडवं फरशीवर टकटक करायचं, तिसरीला दम्याची घरघर. हे मी लहानपणापासून ओळखत आले होते, पण पुढून ओळखलं होतं तेव्हा कुणी नावाजलं नव्हतं. कीर्ती गावाबाहेर येलवालपर्यंत गेली. तिथल्या एक बाई मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन आल्या आणि तो माझ्या डोक्याच्या मागं धरून उभ्या राहिल्या.

"मुलगा कसा आहे?"

मला ऑफिसला उशीर होत होता. म्हटलं, "मुलगा बरा आहे, पण त्याची आई फार बोलते." हे म्हैसुरातल्या कुठल्याही मुलाबद्दल बेधडक सांगावं. बाई धाय मोकलून रडल्या. म्हणाल्या, अगदी खरं. स्थळ त्यांनी मोडलं आणि मला डझनभर केळी पाठवली.

अप्पांनी या सगळ्याला एका शब्दानं अडवलं नाही, याचा मला राग आला होता. नंतर कळलं की ते त्यांच्याच व्यापात होते.

तर खंडेनवमी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते असं घरात सांगतात. त्यांनी लढाई कुठली मारली ते सांगत नाहीत. सारं गाव ज्याला आयुधपूजा म्हणतं ती आमच्यात जोरात होते आणि नियम कडक. पूजेला मांडलेलं आयुध दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला उचलायचं. तोवर त्याला काम सांगायचं नाही. कात्री बंद, मशीन बंद, स्कूटर बंद. फूल खोवून झाल्यावर मी ब्रेलचं पुस्तक घेऊन बसले तर आत्यानं ते काढून घेतलं.

"आज डोक्याला कामाला लावायचं नाही."

"मग मी करू काय?"

"सुम्ने बस. उगी, काही न करता."

"बसायचं हेसुद्धा डोक्यानंच ठरवावं लागतं, आत्या."

"ते पुढच्या बाजूनं ठरव."

शेवटी कोहळा फोडायचा असतो. दृष्ट काढायची आणि दारासमोर रस्त्यावर आपटायचा. तो मान अप्पांचा. मी पाटावर, भिंतीकडं तोंड करून, ऐकत होते. अप्पांनी कोहळा उचलल्याचा हुंकार आला. आपटल्याचा आवाज येईना. मग अप्पा मोठ्या अदबीनं कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प दारी बिडी." जरा वाट सोडा.

"कुणाला सांगतोस, अण्णा?" आत्या म्हणाली. "रस्त्यावर कुत्रं नाही."

अप्पा पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात विनवणी होती. मग त्यांनी कोहळा खाली ठेवला, आत आले आणि माझ्या पाटाशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी माझा हात धरला. मी पूजेतली वस्तू आहे हे विसरून मी वळले.

काही महिने झाले होते म्हणे. अप्पांना माणसं दिसत होती. आधी कापडं बेतायच्या टेबलावर, करंगळीएवढे, निळ्या कोटातले, पगडीवाले, ओळीनं. कापडावर खडूची रेघ ओढली की रेघेवर उभे राहायचे. मग मोठी माणसं. एक बाई डोक्यावर टोपली घेतलेली आणि टोपलीत दुसरी बाई बसलेली. बोलत कुणी नव्हतं. आज रस्ताभर गर्दी होती आणि त्यांच्या डोक्यावर कोहळा कसा आपटायचा?

"मला वेड लागतंय काय गं?" अप्पांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाले, "लागू दे. पण इतके येतात, ओळखीचं एक तोंड नाही. ती काय येत नाही. तिलाच तेवढी वाट सापडत नाही."

मला त्या क्षणी रडू आलं आणि त्याबरोबर टोपलीतल्या बाईचं हसूही. दोन्ही मी गिळलं. आत्याला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही. निळे कोट, पगड्या म्हणजे आपलेच पूर्वज, फौज मुक्कामाला आली आहे. तिनं बेतायच्या टेबलावर चुरमुरे-फुटाणे ठेवले. पूर्वजांनी ते शिवले नाहीत, पण मुंग्या आल्या. अप्पांनी मुंग्यांनाही भास समजून सोडून दिलं, आणि त्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांतून मंडी मोहल्ल्यापर्यंत घरोघर गेल्या.

आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं. त्या अप्पांना म्हणाल्या की हे वेड नव्हे. दृष्टी जाणाऱ्या माणसांत हे होतं. डोळ्यांतून येणारं कमी झालं की मेंदूचा पाहणारा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं करू लागतो. बहुधा अनोळखी माणसं दिसतात. पुष्कळांचं कालांतरानं कमीही होतं.

"पण अनोळखी का?" अप्पांचा आवाज चढला. "डोकं माझं, साठ वर्षं भाडं मी भरलं. माझ्या ओळखीचं माणूस यायला नको?"

"ते मला ठाऊक नाही," डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. मला त्या त्यासाठी आवडल्या.

मग अप्पांनी ठरवलं की चेहरा जायच्या आत तो माझ्याकडं ठेवायला द्यायचा. माझ्या खोलीत बोटं राहतात ना, मग बोटांमार्फत आत पाठवू. रोज दुकान मिटल्यावर ते मला समोर बसवून सांगू लागले. रंग गव्हाळ. मला गहू ठाऊक, त्यात हात घातला की थंड लागतो आणि बोटांमधून निसटतो. नाक चाफेकळी. चाफ्याची कळी मी दुसऱ्या दिवशी मागवली. हे जर नाक असेल तर आईला श्वास घेता येत होता हेच नवल, असं मी म्हटलं, आणि अप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बकरम काढलं. बकरम म्हणजे कॉलरमध्ये घालतात ते ताठ कापड. जेवढं दिसत होतं तेवढ्यावर आणि बाकी हातानं, त्यांनी आईचा चेहरा बेतला. कपाळ एका तुकड्याचं, नाकाला चुण्या, ओठांना पायपिन, म्हणजे गळ्याच्या कडेला लावतात ती कापडाची दोरी. मला हात लावायला दिला.

"ही आई नव्हे," मी म्हटलं. "आईला गाल होते. माझ्या गालाला लागायचे."

त्यांनी कोटाच्या खांद्यात घालतात त्या गाद्या आणून गाल केले. मग हनुवटी फार पुढं आली म्हणून उसवली. मग भुवया. उसवणं आणि शिवणं थंडीभर चाललं. गिऱ्हाईक बायका येऊन बसायच्या, ब्लाउज मागायच्या, आणि अप्पा टेबलावर बायकोच्या कानांना काज करत असायचे. आत्यानं एकदा तो चेहरा हातात घेतला आणि म्हणाली, "हे माझ्या सासूसारखं दिसतंय." अप्पांनी तो ठेवून दिला आणि पुन्हा काढला नाही. मला त्यांची फार कीव आली. मी खोटंच म्हणायला हवं होतं की हीच ती. मी म्हटलंही, पण दोन दिवस उशिरा, आणि त्यांनी ते ओळखलं.

पुढं अप्पांचे डोळे पूर्ण गेले. दुकान दुसऱ्याला दिलं. फौजही हळूहळू उठली. निळे कोट आधी गेले, टोपलीतली बाई बरेच दिवस राहिली, मग तीही गेली. अप्पा घरात माझ्या मागून, माझ्या खांद्याला धरून चालायला शिकले. कपाळाला टेंगूळ न येता स्वयंपाकघर ते मोरी एवढा प्रवास त्यांना जमला तेव्हा आत्यानं गोड केलं.

एका सकाळी बँकेला सुट्टी होती. आम्ही दोघं माजघरात बसलो होतो आणि अप्पा हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "तिचा चेहरा गेला."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"काल बघितलं. कपाळापासून सुरू केलं. कपाळ आलं, खाली डॉक्टरीणबाई. त्यांना काढलं तर कॅलेंडरवरली लक्ष्मी. ती जाईना. मग मीच सोडून दिलं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्यात कुठं असते ती?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. यंत्रानंही नाही. "वर," मी म्हटलं. "वरून बोलते. अजूनही. मी बोलते तेव्हा मान वर करून बोलते."

"वर?"

"उंच होती ना ती."

अप्पा हसायला लागले. डोळे गेल्यापासून ते असे हसले नव्हते. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलेलं त्यांनी पुसलं. "अगं, ती बुटकी होती. खुंटीवरची पिशवी काढायला पाट लागायचा तिला. तुला कुणी सांगितलं ती उंच?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा मी लहान होते. मी वाढत गेले तशी ती माझ्या वर वर सरकत गेली आणि मला कधी संशय आला नाही.

अप्पा उठले, मलाही उठवलं. माझा हात घेऊन त्यांनी तळवा खाली करून हवेत धरला, आणि थोडा खाली आणला, मग अजून खाली. "माझ्या छातीला लागायची. इथं. हे ठाऊक आहे मला, हे कुठं जात नाही." तो हात माझ्या हनुवटीच्याही खाली होता. मी तसाच तो ठेवला. त्या जागी तिचा भांग असणार, तेल लावलेला. मी तिच्यापेक्षा एवढी मोठी झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

किती वेळ आम्ही तसे उभे होतो कोण जाणे. दोघंही त्या जागेकडं तोंड करून, मान खाली घालून. आत्या पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"कोण आलंय?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"कॉफी टाक," अप्पा म्हणाले.